मधला खांब

रिना : काका, ती फीत नंतर बांधा. आधी सांगा, हे खांब कोणी उभे केले?

उमाकांत : कोन म्हंजे? आपलाच सुतार. काल सकायपासून तीन मानसं लावी दिधात. दख ना, कसा रुबाब शे. कडेना पाच, मधला एक, सहाच्या सहा खांब, वरनी लाकडं, बठ्ठं तुन्हा नकाशाप्रमाने. एक सूत इकडनं तिकडे नही.

रिना : मला न विचारता?

उमाकांत : तुले चकित करानं व्हतं, पोरी. दोन महिनापासून तू ह्या पडवीसाठे नाची ऱ्हायनी. माले वाटनं, आपन भी काही करूत.

रिना : अहो, पण आज लाहा आहे. सुरुपसिंग सरांचं अख्खं गाव ट्रकमध्ये बसून निघालंय, हीच पडवी बांधायला. ती तुम्ही कालच बांधून टाकलीत. आता त्यांनी येऊन काय करायचं, खुर्च्यांवर बसायचं?

उमाकांत : हां. म्हनीसन तं खुर्च्या सांगेल शेतस. मंडपवाला येईच ऱ्हायना. जेवनले वरन-बट्टी शे, घोटेल वांगा शे. फीत कापाले कातर भी आनी.

रिना : काका.

उमाकांत : अवं, आपला खान्देशमा पाहुनाले उठीसन पानी भी लेवू देतस नही. आनि तू म्हनस, सातपुडा उतरीसन उनेल लोकेसले मी सांगू, बसू नका, हाई पहार ल्या? लोके चांगला मनना ऱ्हातस, बोलतस तसं, आम्ही येतस, हात लावतस. मंग चांगला यजमाननी काय करानं? त्या येवाना आगोदर काम उरकी टाकानं.

रिना : ते चांगल्या मनानं बोलत नव्हते, खरंच बांधायला येताहेत. पाड्यावर कुणाचं घर निघालं की सगळा पाडा येतो. कुणी बांबू आणतं, कुणी दोर, कुणी नुसते हात. मजुरी नाही, कंत्राट नाही. घरवाल्यानं जेवू घालायचं, एवढंच. त्यालाच लाहा म्हणतात.

उमाकांत : ते मी ऐकेल शे.

रिना : ऐकलंत, पण माझ्याबरोबर पाड्यावर आला नाहीत. त्या दिवशी तुम्हाला नगरपालिकेत कुणाचा तरी नकाशा पास करायचा होता. मी गेले होते सरांबरोबर, धडगावच्या वर. त्यांच्या आई, फुलीबाई, सरांचे वडील गेल्यापासून तिथं एकट्या राहतात. सरांची शाळा इथं. दर शनिवारी मोटारसायकल काढून घाट चढायचा, सोमवारी उतरायचा. मागच्या वर्षी आईंना भाड्याच्या फ्लॅटवर आणलं, तर चौथ्या दिवशी पिशवी भरून दाराशी जाऊन बसल्या. म्हणून तर हे घर काढलं त्यांनी.

उमाकांत : ते माले काय सांगस? मन्हाच सहीना नकाशा शे.

रिना : पुढचं ऐका. मी अंगणात नकाशा पसरून त्यांना समजावत बसले. ही तुमची खोली, खालीच ठेवलीय, जिना नको. ही खिडकी उगवतीला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, बांधायला कोण येणार? सर म्हणाले, ठेकेदार लावलाय. त्या उठल्या आणि शेळ्या बांधायला गेल्या. आम्ही निघालो तेव्हाही त्या तिकडेच.

उमाकांत : रुसनी का काय?

रिना : रुसल्या नाहीत. त्यांचा विषय संपला. परत येताना घाटात सर म्हणाले, मॅडम, ज्या घराला आपल्या माणसांचे हात लागले नाहीत तिथं आईला झोप येत नाही. दुकानात निजल्यासारखं वाटतं, म्हणते. आणि काका, तिथं घाटातच मला ही पडवी सुचली. मागं बसल्या बसल्या मी ओरडले, सरांनी गाडी थांबवली, त्यांना वाटलं मी पडले. बाकी घर विटांचं, स्लॅबचं, नगरपालिकेला पाहिजे तसं. पण घराचं दार जिच्यात उघडतं ती पडवी लाकडाची, बांबूची, कौलांची, त्यांच्याच हातची. आईंना सांगितलं तेव्हा म्हणाल्या, बरं, गाव येईल, मीही येईन. मग बघू. ते 'मग बघू' ऐकून सर शाळेत पेढे वाटून आले. तुम्ही काय म्हणाला होतात आठवतंय?

उमाकांत : पार्किंग कर, म्हनेल व्हतू.

रिना : पार्किंग कर.

उमाकांत : बठ्ठा गिऱ्हाइकं पार्किंगच मांगतस. मी काय करू? तीस वर्सं व्हयनात. मोबाईलमा कोन्हं तरी घर दखाडतस, सुरतनं नही तं हैदराबादनं, आनि म्हनतस, पाटील साहेब, एक्झॅट असं पाहिजे. मी तसं करी देस. तू ऑफिसमा उनी आनि पहिलींदाव कोनी माले इचारं का दार कोठे उघडस.

रिना : थांबा, सरांचाच फोन. स्पीकरवर टाकते. बोला सर.

सुरुपसिंग : मॅडम, माझा आवाज येतो आहे का? ट्रकमध्ये गाणी सुरू आहेत.

रिना : येतोय, येतोय. कुठपर्यंत आलात?

सुरुपसिंग : प्रकाशा गावाजवळचा तापीचा पूल आत्ताच ओलांडला. मॅडम, मी माणसं मोजायचं सोडून दिलं. पन्नास येतील असं सांगितलं होतं मी तुम्हाला. ट्रक पाड्यावरच भरला. मग एक पिकअप काढली, ती धडगावात भरली. शेजारच्या पाड्याचेही निघाले. बांबू एवढे आहेत की लोक बांबूंवरच बसलेत.

रिना : आणि आई?

सुरुपसिंग : पुढं, ड्रायव्हरजवळ. मांडीवर डाळीचं पातेलं धरून बसली आहे. ड्रायव्हर म्हणाला, मावशी, मागं ठेवा, तर त्यालाच रागावली. सकाळपासून हुकूम सोडते आहे मॅडम. दोर कोण बांधणार, कौलं कोण लावणार, कोणाला शिडीवर चढू द्यायचं नाही. बापू गेल्यानंतर मी तिला अशी पाहिलीच नव्हती.

रिना : घेऊन या त्यांना, सर. या फक्त.

सुरुपसिंग : एक सांगायचं होतं. मधला खांब ती स्वतः रोवणार म्हणते. आमच्यात तो पहिला असतो आणि घरधनीच रोवतो. आजवर बापूंनीच रोवला. तो खड्डा तेवढा नीट खोल असू द्या.

रिना : हो सर. खड्डे तयार आहेत. या तुम्ही.

उमाकांत : खड्डा तयार शेतस?

रिना : होतील. पाऊण तास आहे आपल्याला. काढा ती फीत. शिडी कुठे आहे?

उमाकांत : तू आते हाई उभं करेल पाडशी?

रिना : पाडायचं कशाला, उतरवायचं. पुढं कधी खांब बदलता यावा म्हणून मी प्रत्येक खड्ड्यात लोखंडी बूट, म्हणजे खांब बसवायची खोबण, आणि बोल्ट दिले होते. बोल्ट काढले की खांब सुटतो, खड्डा मोकळा. सुताराला बोलवा.

उमाकांत : तो दोंडाईचाले लगीनले गया. पाना तेवढा सोडी गया.

रिना : मग शेजारच्या प्लॉटवर सेंट्रिंगवाले आहेत, त्यांना हाक मारा. तुमचं ऐकतात ते. असे बघत काय उभे राहिलात?

उमाकांत : रिना, मी त्या बाईनं काम हिसकाई लिधं का वं?

रिना : हो. पण अजून त्या आलेल्या नाहीत.

उमाकांत : ए भाऊ. ए सेंट्रिंगवाला. चार जन या रे इकडे, चहा माझ्याकडून. हां, हे खांब उतरवायचे. काल लावलेलेच. तू बरोबर ऐकलं. डोकं ठिकाणावर आहे माझं, तू ये. वरची लाकडं आधी काढ, आडवी ठेव, पॉलिशला ओरखडा नको. रिना, तू शिडीवर नको चढू, खाली ऱ्हा.

रिना : मी चढलेय. तुम्ही पाना द्या. आणि त्या मंडपवाल्याला फोन करून खुर्च्या परत पाठवा.

उमाकांत : बठ्ठ्या?

रिना : दहा ठेवा, म्हाताऱ्यांसाठी. हा सुटला. दोरानं धरा, एकदम सोडू नका. हळू. काका, बघा ना, किती सहज निघतोय. मी कागदावर काढला तेव्हा मलाच खात्री नव्हती.

उमाकांत : आते तू खूश व्हयनी का चिडेल शे, माले समजी नही ऱ्हायनं.

रिना : दोन्ही. माझ्या कॉलेजातले सगळे पुण्यात टॉवर बांधताहेत. माझ्या खांबांना आज शंभर माणसं हात लावणार आहेत. पुढच्याचा बोल्ट तुम्ही सोडवा.

उमाकांत : सोडना. हाऊ भी सोडना. व माय, काय पटापट निंघी ऱ्हायनात. उगीच मी सुतारले काल दिवसभर दामटं.

रिना : पाच झाले. आता मधला. याचा बूट कुठे आहे?

उमाकांत : रिना.

रिना : बोल्ट कुठे आहेत याचे, काका?

उमाकांत : त्याले बूट नही.

रिना : म्हणजे?

उमाकांत : मधला खांबवर जास्ती भार येस. तुन्हं ते लोखंडी खेळणं माले पटनं नही. मी त्याले खाली काँक्रीट भरं. दोन फूट.

रिना : सुताराला सांगून?

उमाकांत : नही. सुतार नको म्हने. मॅडम रागवतीन, म्हने. मी सोता भरं. सोता खड्डा खंदा, सोता खांब धरा, ओळंबा लावा, सोता सिमेंट कालवं. हसू नको. तीस वर्सं लोकेसना घरना नकाशा काढा, हातले सिमेंट कवय लागनंच नही. काल संध्याकायले सुतार गयात, एकला उभा व्हतू, आनि माले इतला आनंद व्हयना का काय सांगू. घर जाईसन बायकोले हात दखाडा. ती म्हने, खोबऱ्यानं तेल लावा.

रिना : दाखवा. अरे देवा. फोड आलेत.

उमाकांत : त्यानं काही नही. पन आते हाऊ कसा काढानं? ब्रेकर लागी. त्यामा खांब फुटी. दुसरा सागना खांब आज रविवारना कोठे भेटी?

रिना : पहारेनं?

उमाकांत : मारी दख. मी काल कंजुसी करेल नही ना सिमेंटमा. पन्नास वर्सं हालनार नही.

रिना : काका, सहा खांबांपैकी तुम्ही नेमका तोच धरलात. आईंना या घरात राहावंसं वाटेल की नाही ते त्या एका खांबावर आहे.

उमाकांत : ऐक, आपन सांगूत का हाऊ टेकाले लायेल शे. काम व्हयनं का काढतस. नही तं सांगूत, नगरपालिकाना नियम शे.

रिना : खोटं नको. सर शिक्षक आहेत, लगेच ओळखतील.

उमाकांत : मंग मी सांगस. चुकी मन्ही शे, मीच सांगसू. तू मधमा पडू नको. हॉर्न ऐकू उना का? त्याच शेतस.

(ट्रक आणि पिकअप घरासमोर. बांबू उतरताहेत, गाणी थांबलेली नाहीत.)

सुरुपसिंग : मॅडम, नमस्कार. साहेब, नमस्कार. आलो बघा. पोलिसांनी एकदा अडवलं, विचारलं, मोर्चा कुठे आहे. मी म्हटलं, मोर्चा नाही, माझी पडवी आहे. ते हसले, सोडलं. अरे, मॅडम, हा खांब?

रिना : सर, ते काका सांगतील.

उमाकांत : सर, ऐका. माझी चूक आहे. तुम्ही पाहुणे, तुम्हाला कष्ट नको म्हणून मी काल सुतार लावून सगळे खांब उभे केले. रिनानं आल्या आल्या झापलं. पाच आम्ही उतरवले, ते तिथं ठेवलेत. हा एक निघत नाही. याला मी काँक्रीट भरलं.

सुरुपसिंग : मधला.

उमाकांत : मधला.

सुरुपसिंग : साहेब, हे तुम्ही काय केलं? ती तीन रात्री झोपलेली नाही. पुतण्याकडून कुदळीला धार लावून आणली आहे, या खड्ड्यासाठी. आता मी तिला काय सांगू? सुतारानं मजुरी घेऊन लावला म्हटलं तर ती पातेलं न उतरवता परत गाडीत बसेल. मी ओळखतो तिला. मग मी पुन्हा दर शनिवारी घाट चढायचा, आणि एखाद्या शनिवारी वर जाऊन काय बघायला मिळेल याची भीती घेऊन चढायचा.

रिना : सर, त्या उतरल्यात.

सुरुपसिंग : कुठे?

रिना : त्या बघा, खांबापाशी. हलवून बघताहेत.

सुरुपसिंग : चला. नाही, तुम्ही दोघं पण चला. साहेब, तुम्ही पुढं व्हा.

उमाकांत : राम राम, माय.

सुरुपसिंग : ती आमच्या बोलीत विचारते आहे, हा कोणी रोवला?

उमाकांत : मी. सांगा त्यांना, मी रोवला.

सुरुपसिंग : विचारते, मजुरीनं की हातानं?

उमाकांत : हातनं, माय. सोता. दख, हाई दख मन्हा हात. मजुरी कोन देनार माले?

सुरुपसिंग : तुमचे हात बघू द्या तिला. साहेब, मागं घेऊ नका. आई, दुखतंय त्यांना, सोड. थांबा, ती काहीतरी म्हणते आहे. पुन्हा सांग, आई.

रिना : काय म्हणाल्या?

सुरुपसिंग : मॅडम, एक मिनिट.

रिना : सर, चिडल्यात का?

सुरुपसिंग : नाही. ती म्हणते, घाटभर घाबरत होते. कुणाला बोलले नाही. हा खांब नेहमी तुझ्या बापूंनी रोवला, माझ्या हातानं सरळ उभा राहील की नाही, सगळ्या गावासमोर कलला तर काय, असं डोक्यात होतं. म्हणते, बरं झालं. लाहाला कोणीतरी आधीच येऊन उभं होतं.

उमाकांत : लाहाले? मी?

सुरुपसिंग : बोलावणं नसताना आला, मजुरी घेतली नाही, हाताला फोड आले. म्हणते, मग लाहाला नाही तर कशाला आला होता? खांब घट्ट आहे, म्हणते. जरा उंच आहे, पण घट्ट आहे.

रिना : उंची माझी आहे. म्हणजे नकाशात मी दिलेली. आई, ती माझी चूक.

सुरुपसिंग : राहू दे, म्हणते, पावसाचं पाणी लांब पडेल. आणि बाकीचे पाच तिला स्वतः रोवायचे आहेत. साहेब, तुम्ही तिच्यासोबत धरायचे. रिना मॅडमनी सरळ आहे का ते लांबून बघायचं.

रिना : मी लांबून बघणार नाही. मला पण धरायचाय.

उमाकांत : आनि मन्हं जेवन? वरन-बट्टी येई ऱ्हायनी, शंभर मानसनी.

सुरुपसिंग : दुपारचं तिचं. आज घरची ती आहे, तिच्या हातचंच खायचं. तुमचं संध्याकाळी, काम झाल्यावर. लोक खातील साहेब, काळजी करू नका, काही उरणार नाही. आणि ती विचारते आहे, तुमचं घर कुठे?

उमाकांत : स्टेशनकडे. काबरं?

सुरुपसिंग : तुमच्याकडे काय बांधायचं आहे, विचारते.

उमाकांत : काहीच नही. मन्हं घर तं कवयंच बांधाई गयं, पक्कं शे. त्यांना सांगा, माले काही लागत नही.

सुरुपसिंग : ते चालत नाही, साहेब. जो आपल्याकडे हात लावून गेला, त्याच्याकडे जावंच लागतं. नाही म्हटलं तर तिला वाईट वाटेल.

उमाकांत : मंग... मागला दारले बायकोले एक मांडव पाहिजे. गिलक्याना वेल चढावाले. दोन वर्सं व्हयनात, मांगी ऱ्हायनी ती. मी म्हनस, नकाशा काढू मंग करू.

रिना : एका मांडवाचा नकाशा, काका?

उमाकांत : सवय शे, पोरी. काय करू?

सुरुपसिंग : ती हसते आहे. विचारते, कधी पाहिजे?

उमाकांत : व्हई कवय तं. पाऊस पडू द्या. त्यांना म्हना, घाई नही.

सुरुपसिंग : तिलाही घाई नाही, म्हणते. इथंच तर राहणार आहे.